केटी लेडेकी: ते अकरा सेकंद तिचे, की समोर कुणी नव्हतं म्हणून?

लांबपल्ला (धागाकर्ता)

रिओ ऑलिंपिक २०१६, महिलांची ८०० मीटर फ्रीस्टाइल. अमेरिकेच्या केटी लेडेकीने ८:०४.७९ मध्ये भिंतीला हात लावला. दुसरी आलेली ब्रिटनची जॅझ कार्लिन पोहोचली ती ११.३८ सेकंदांनी. जिथे पदकं शतांश सेकंदावर जातात-येतात, त्या खेळात अकरा सेकंद.

या शर्यतीचा विषय निघाला की एक शेरा हमखास येतो: "पण समोर होतं कोण?" आमच्या पोहणाऱ्यांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद झाला आणि अर्धवट राहिला, म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो. लेडेकी ही आजवरची सर्वांत मोठी महिला जलतरणपटू आहे, आणि "स्पर्धाच कमकुवत होती" हा आक्षेप घड्याळापुढे टिकत नाही.

कार्लिनची वेळ बघा: ८:१६.१७. बीजिंगमध्ये २००८ साली या शर्यतीचं रौप्य ८:२०.२३ ला मिळालं होतं, लंडनमध्ये ८:१८.७६ ला. म्हणजे रिओची दुसरी आधीच्या दोन्ही दुसऱ्यांपेक्षा वेगवान होती. एवढंच काय, अमेरिकेच्याच जॅनेट एव्हन्सचा १९८९ चा विश्वविक्रम ८:१६.२२ होता आणि तो २००८ पर्यंत कुणाला मोडता आला नव्हता. कार्लिन त्याच्याही आत पोहली. अशा मुलीला तुम्ही "कुणी नव्हतं" म्हणणार?

लेडेकी लंडनला गेली तेव्हा १५ वर्षांची होती, अमेरिकेच्या जलतरण संघात सर्वांत लहान. त्या तलावात घरच्या प्रेक्षकांसमोर रिबेका अ‍ॅडलिंग्टन उतरली होती, गतविजेती आणि विश्वविक्रमवीर. लेडेकीने ८:१४.६३ ला सुवर्ण घेतलं आणि एव्हन्सचा २३ वर्षं जुना अमेरिकन विक्रमही पुसला. पुढे प्रशिक्षक ब्रूस जेमेल यांच्याबरोबर तिने रिओसाठी दोन लक्ष्यं ठरवली: ४०० मीटर ३:५६ मध्ये, ८०० मीटर ८:०५ मध्ये. सरावात रोज पायांत धरायच्या तरंगत्या ठोकळ्यावर, म्हणजे पुल बॉयवर, तिने '५६५' असा आकडा लिहून ठेवला होता (३:५६ मधले ५६ आणि ८:०५ मधला ५). रिओत तिने दिलेल्या वेळा ३:५६.४६ आणि ८:०४.७९. दोन्ही विश्वविक्रम. तिची शर्यत शेजारच्या लेनशी नव्हतीच, तीन वर्षं आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी होती. मग शेजारी कोण होतं याने फरक काय पडतो?

आणखी एक. ऑलिंपिकमध्ये पुरुषांना १५०० मीटर १९०८ पासून आहे. बायकांना ती मिळाली टोकियोत, २०२१ साली. लेडेकीने २०१५ ला कझानच्या जागतिक स्पर्धेत १५०० मध्ये १५:२५.४८ चा विश्वविक्रम केला होता आणि दुसरीला १४ सेकंदांहून जास्त मागे टाकलं होतं. पुढच्याच वर्षी रिओत ही शर्यत नव्हती. तिचं एक सुवर्ण ती पाण्यात उतरायच्या आधीच गेलं. पदकं मोजताना हेही धरा.

घड्याळवाला

धागा चांगला काढलात, पण कार्लिनच्या वेळेचा तुम्ही लावलेला अर्थ मला मान्य नाही. एव्हन्सने ८:१६.२२ दिली १९८९ मध्ये. त्यानंतर २७ वर्षांनी ऑलिंपिकची दुसरी येते ८:१६.१७ ला. म्हणजे पाच शतांश सेकंदांची प्रगती, तीही सत्तावीस वर्षांत! या काळात गॉगल बदलले, पोशाख बदलले, सुरुवातीचे ठोकळे बदलले, तलाव खोल झाले, पाण्याखालचं चित्रीकरण आलं. तरीही महिलांची ८०० तिथल्या तिथेच. हा आकडा तुमच्या बाजूचा नाही, माझ्या बाजूचा आहे. ती शर्यत थांबलेली होती. लेडेकी एकटी पुढे गेली, हे खरं. पण एकटी पुढे जाणं आणि तुल्यबळ मुलींना हरवणं यांत फरक आहे, आणि सर्वांत मोठी कोण हे ठरवताना मी दुसऱ्या गोष्टीला जास्त वजन देतो.

१५०० बद्दलही अर्धीच बाजू मांडलीत. टोकियोपर्यंत पुरुषांना ऑलिंपिकमध्ये ८०० नव्हती. बायकांना ८०० होती आणि १५०० नव्हती, पुरुषांना १५०० होती आणि ८०० नव्हती. लांब पल्ल्याची एकेकच शर्यत दोघांनाही. मग अन्याय एकट्या लेडेकीवर कसा?

तलावकाठ

मी मुलांना पोहायला शिकवतो, तेव्हा माझा मुद्दा पाण्यातला आहे. ८०० म्हणजे पन्नास मीटरच्या तलावात सोळा फेऱ्या. ८:०४.७९ ला भागा: प्रत्येक पन्नास सरासरी ३०.३ सेकंदांत. एव्हन्सच्या वेळेला भागा: ३१ सेकंद. एका फेरीला पाऊण सेकंदाहून थोडा कमी फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण ज्याने वेळ लावून सेट मारले आहेत त्याला विचारा, दहाव्या फेरीला पाऊण सेकंद कुठून आणायचा. खांदे भरून आलेले असतात, पाय मागे पडायला लागतात, टर्नच्या आधी एक जादा श्वास घ्यावासा वाटतो. तो फरक तिने सोळाही फेऱ्यांत धरला.

आणि तो आला कुठून? तिचे सुरुवातीचे प्रशिक्षक युरी सुगुयामा यांनी तिचा हात बदलला. लांब पल्ल्याच्या मुली सहसा दोन्ही हात एकाच लयीत, भराभर फिरवत. एव्हन्सचे वाऱ्यासारखे फिरणारे सरळ हात आठवा. लेडेकी पोहते ते पुरुषांच्या २००-४०० सारखं: एका बाजूला श्वास घेताना शरीर जरा उचलून पुढे झोकून द्यायचं, ज्याला पोहण्यात गॅलप म्हणतात. त्या हाताला ताकद फार लागते आणि तो आठशे मीटर टिकवणं अवघड, म्हणूनच आधी फारसा कुणी तो नाद केला नव्हता. घड्याळवाला, शर्यत सत्तावीस वर्षं थांबली होती हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. पण थांबलेली शर्यत हलवली कुणी, हा प्रश्न तुम्ही सोडून दिलात.

"कुणी नव्हतं" हे तर २०१३ ची बार्सिलोनाची जागतिक स्पर्धा बघितलेल्याने म्हणूच नये. डेन्मार्कची लोटे फ्रीस तिच्याबरोबर १५०० पोहली. पुढे कोण, मागे कोण, जवळजवळ शेवटपर्यंत सांगता येत नव्हतं. लेडेकी १५:३६.५३, फ्रीस १५:३८.८८. आधीचा विश्वविक्रम होता १५:४२.५४, आणि दोघीही त्याच्या आत! तिथे झुंज होती आणि ती जिंकली लेडेकीने, वयाच्या सोळाव्या वर्षी.

जुना प्रेक्षक

एव्हन्सचं नाव निघालं म्हणून लिहितो. सोल ऑलिंपिकला १९८८ मध्ये तिने ४००, ८०० आणि ४०० मीटर मेडले (चारही प्रकार एकाच शर्यतीत) अशी तीन सुवर्णं घेतली. त्याच वर्षी तिच्या नावावर १५०० चा १५:५२.१० हा विश्वविक्रमही होता, आणि तो ऑलिंपिकमध्ये दाखवायला तिला जागाच नव्हती. कारकीर्द संपेपर्यंत मिळाली नाही. लेडेकीला वयाच्या चोविसाव्या वर्षी तरी ती शर्यत मिळाली आणि त्यावर तिने दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. अन्यायाचाच हिशेब मांडायचा तर पहिलं नाव एव्हन्सचं येतं.

मात्र पुरुषांना ८०० नव्हती म्हणून बरोबरी झाली, हे घड्याळवाला यांचं गणित मला पटत नाही. पुरुषांची छोटी शर्यत नव्हती, कारण मोठी होती. बायकांची मोठी नव्हती, कारण त्यांना ती झेपणार नाही असं मानणारे लोक समित्यांवर बसले होते. हीच मानसिकता धावण्यातही होती: १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये बायकांची ८०० मीटर धाव झाली आणि मग १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून काढून टाकली. पोहण्यात जागतिक स्पर्धेने बायकांची १५०० २००१ लाच घेतली होती. ऑलिंपिकने आणखी वीस वर्षं काढली.

सांख्यिक

भावना बाजूला ठेवून पदकं मांडतो. लेडेकीची ऑलिंपिक पदकं १४, त्यांत ९ सुवर्णं. या नऊंपैकी आठ वैयक्तिक: लंडनला ८००, रिओला २००, ४००, ८००, टोकियोला ८०० आणि १५००, पॅरिसला पुन्हा ८०० आणि १५००. रिलेचं सुवर्ण एकच, रिओमधलं ४×२००.

तिच्याआधी महिला जलतरणात सर्वाधिक सुवर्णं होती जेनी थॉम्पसनची, आठ, आणि ती आठही रिलेमधली. वैयक्तिक सुवर्णांत पुढे होती हंगेरीची क्रिस्टिना एगरसेगी, पाच. पाचावरून आठ ही झेप लहान नाही. पण मला एक अडचण वाटते, ती प्रामाणिकपणे सांगतो. ८०० आणि १५०० ही क्षमता म्हणून जवळजवळ एकच गोष्ट आहे. जिला एक जमते तिला दुसरी जमतेच. एगरसेगी बॅकस्ट्रोकबरोबर ४०० मीटर मेडलेही जिंकली होती, म्हणजे चारही प्रकार. मायकेल फेल्प्सची महती सांगताना आपण त्याची बटरफ्लाय, मेडले, फ्रीस्टाइल ही सगळी रुंदी सांगतो. लेडेकीची उंची निर्विवाद आहे, रुंदीबद्दल मला शंका आहे.

लांबपल्ला

सांख्यिक, रुंदी मोजायची तर पल्ल्यानेही मोजा. रिओत २०० मीटरला ती १:५३.७३ ला जिंकली आणि तिच्या मागे होती सारा श्योस्ट्रोम, त्याच स्पर्धेत १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेतलेली. २०० ही जवळजवळ स्प्रिंटच. कझानला २०१५ मध्ये लेडेकीने २००, ४००, ८००, १५०० आणि ४×२०० रिले, पाचही जिंकल्या. दोन मिनिटांच्या आतली शर्यत आणि पंधरा मिनिटांची शर्यत एकाच आठवड्यात एकच मुलगी जिंकते. अंगातली ऊर्जा वापरण्याची पद्धतच या दोन्हींत वेगळी असते. चार प्रकार पोहणं हे वैविध्य आणि हे नाही, असं का?

घड्याळवाला

कारण ते फार काळ टिकलं नाही. रिओनंतर बघा. बुडापेस्टची जागतिक स्पर्धा, २०१७: २०० मध्ये फेडेरिका पेलेग्रिनीने हरवलं. ग्वांगजूची जागतिक स्पर्धा, २०१९: ४०० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एरिअर्न टिटमसने. टोकियो: ४०० मध्ये पुन्हा टिटमस, ३:५६.६९ विरुद्ध ३:५७.३६, आणि २०० मध्ये लेडेकी पाचवी. बुडापेस्ट २०२२ ला ती ४०० जिंकली, पण टिटमस त्या स्पर्धेला आलीच नव्हती. फुकुओका २०२३: टिटमसने विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. पॅरिस: ४०० मध्ये लेडेकीला कांस्य.

मी म्हणत होतो ते हेच. पिढी बदलली, तुल्यबळ मुली आल्या, आणि २००-४०० तिच्या हातून गेल्या. जिथे गर्दी कमी त्या ८०० आणि १५०० ती राखून राहिली. मोठी खेळाडू आहे याबद्दल वाद नाही. सर्वांत मोठी म्हणण्याबद्दल आहे.

मेरीलँडची आई

इतके दिवस फक्त वाचते आहे, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही मेरीलँडमध्ये माँटगोमेरी काउंटीत राहतो. केटी इथल्याच बेथेस्डाची. इथल्या उन्हाळी पोहण्याच्या लीगमध्ये वस्त्या-वस्त्यांचे संघ असतात, आणि तिची सुरुवात अशाच एका संघातून, पॅलिसेड्समधून झाली. माझी मुलगी याच लीगमध्ये पोहते. त्या तलावांवर केटीचे जुने विक्रम अजून फलकांवर आहेत आणि आठ-दहा वर्षांच्या मुली शर्यतीआधी मान वर करून ते वाचतात.

घड्याळवाला, तुम्ही हरलेल्या शर्यती अगदी बरोबर मोजल्यात. पण टोकियोची ती सकाळ अर्धीच सांगितलीत. २०० मध्ये ती पाचवी आली. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक शर्यतीत पदक हुकण्याची तिची ती पहिली वेळ. त्यानंतर साधारण सव्वा तासाने तिला १५०० च्या अंतिम फेरीत उतरायचं होतं. ती उतरली आणि बायकांच्या १५०० चं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण तिने घेतलं. दुसऱ्या दिवशी रिलेत शेवटच्या टप्प्यात २०० मीटर १:५३.७६ ला पोहून तिने अमेरिकेला ऑस्ट्रेलियाच्या पुढे नेलं आणि रौप्य मिळवून दिलं. आदल्या दिवशी २०० मध्ये पाचवी आलेली मुलगी ही! त्या एका दिवसाकडे मी पाचव्या क्रमांकाच्या पलीकडे बघते.

ग्वांगजूचंही तसंच. तिथे ती आजारी पडली, २०० आणि १५०० मधून माघार घेतली. ८०० च्या अंतिम फेरीत इटलीची सिमोना क्वादारेला पुढे निघून गेली होती. शेवटच्या पन्नासात केटीने तिला गाठलं आणि मागे टाकलं. २०१५ साली आपल्याला पॉट्सचं निदान झालं होतं, म्हणजे उभं राहिलं की हृदयाचे ठोके वाढतात, चक्कर येते असा त्रास, हे तिने २०२४ मध्ये आपल्या आत्मचरित्रात सांगितलं. इतकी वर्षं त्याबद्दल एक शब्द नाही. हरल्यावर कधी त्याची ढाल केली नाही. माझ्या मुलीने तिच्याकडून काही घ्यायचं असेल तर मला हे आधी हवं, अकरा सेकंद नंतर.

घड्याळवाला

ताई, तिच्या जिद्दीबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. पॉट्सबद्दल तर आदरच वाटतो. पण आपण मोजतोय ते वर्चस्वाचं वजन. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत कॅनडाच्या समर मॅकिंटॉशने तिला ८०० मध्ये ८:११.३९ ला हरवलं. मॅकिंटॉश तेव्हा १७ वर्षांची होती. ८०० च्या अंतिम शर्यतीत लेडेकी दहा वर्षांहून जास्त काळाने हरत होती. तुल्यबळ प्रतिस्पर्धी पूर्ण ताकदीने ८०० मध्ये उतरली की काय होतं, ते तिथे दिसलं.

तलावकाठ

ऑर्लँडो सांगितलंत, मग सिंगापूर का सोडलंत? तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं आहे.

आधी फोर्ट लॉडरडेल, मे २०२५. लेडेकी २८ वर्षांची. ८०० मध्ये ८:०४.१२. रिओचा स्वतःचाच विश्वविक्रम तिने जवळपास नऊ वर्षांनी मोडला. त्याच स्पर्धेत ४०० मध्ये ३:५६.८१, रिओतल्या वेळेच्या अगदी लगत. म्हणजे वेग गेला होता असंही नाही. टोकियोनंतर ती गेन्सव्हिलला अँथनी नेस्टींकडे गेली. नेस्टी म्हणजे सोल १९८८ ला मॅट बिऑन्डीला एका शतांशाने हरवून सुरीनामला सुवर्ण मिळवून देणारे. तिथे ती रोज बॉबी फिंकसारख्या ऑलिंपिक विजेत्या पुरुषांबरोबर सेट मारते. पंचविशीनंतर लांब पल्ल्याच्या मुली थांबतात, हीच आजवरची रीत होती.

मग सिंगापूर, २०२५ ची जागतिक स्पर्धा, ८०० ची अंतिम फेरी. एका लेनमध्ये मॅकिंटॉश, जिने जूनमध्ये ४०० चा विश्वविक्रम ३:५४.१८ वर नेला होता. दुसऱ्या लेनमध्ये ऑस्ट्रेलियाची लानी पॅलिस्टर.  लेडेकी ८:०५.६२, पॅलिस्टर ८:०५.९८, मॅकिंटॉश ८:०७.२९. तिसरी आलेली मुलगी रिओच्या कार्लिनपेक्षा जवळजवळ नऊ सेकंद पुढे! ही तुमची तुल्यबळ स्पर्धा, आणि ती जिंकली आहे लेडेकीने. ८०० चं तिचं हे सातवं जागतिक विजेतेपद. पॅलिस्टर ०.३६ सेकंदांवर होती.

या मुली इतक्या वेगवान झाल्या कशा, तेही बघा. लेडेकी लंडनला जिंकली तेव्हा मॅकिंटॉश पाच वर्षांची होती. तिच्या पिढीने ८०० म्हणजे काय हे शिकताना ८:१६ नव्हे, ८:०४ समोर ठेवलं. मी मुलांना रोज बघतो. भिंतीवर जो आकडा लिहाल, पोरं त्याच्याकडे सरकतात.

सांख्यिक

सिंगापूरची शर्यत धरली तर माझं रुंदीचं म्हणणं कायम आहे, पण "गर्दी कमी तिथे राहिली" हे घड्याळवाला यांचं वाक्य आता मागे घ्यावं लागेल. तिघी ८:०८ च्या आत असलेली ८०० याआधी कधी झाली नव्हती.

घड्याळवाला

"गर्दी कमी" हे २०१६ साठी होतं, आणि २०१६ साठी मी ते कायम ठेवतो. सिंगापूरबद्दल माझं मत वेगळं आहे. माझ्या लेखी ती लेडेकीची सर्वांत मोठी शर्यत. रिओपेक्षा कितीतरी मोठी. अकरा सेकंदांनी जिंकलेल्या शर्यतीत तिला कुणी ढकललं नाही. छत्तीस शतांशांनी जिंकलेल्या शर्यतीत तिला शेवटच्या भिंतीपर्यंत ढकललं, आणि तेही तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान मुलीने दुसऱ्या बाजूने जोर लावलेला असताना. लोक अकरा सेकंदांचं कौतुक करतात तेव्हा मला वाटतं, ते चुकीच्या शर्यतीकडे बघताहेत.

लांबपल्ला

सिंगापूर मोठी शर्यत, यात दुमत नाही. पण रिओ खाली ढकलून नव्हे. सिंगापूरला तिघींच्या पुढे गाठायला एक आकडा होता. रिओत लेडेकीच्या पुढे फक्त पाणी आणि त्या पुल बॉयवरचं '५६५'. कुणी मागे लागलेलं नसताना सोळाव्या फेरीपर्यंत वेग धरून ठेवणं मला जास्त कठीण वाटतं. तुम्ही पोहत असाल तर येत्या रविवारी तलाव रिकामा असताना शेजारी कुणाला न घेता एकट्याने आठशे वेळ लावून पोहून बघा, आणि मग शर्यतीतली तुमची वेळ त्याच्या शेजारी ठेवा.

घड्याळवाला

पोहतो. एकट्याने माझी वेळ दरवेळी वाढते, हे खरं आहे. पण त्याच कारणाने मी उलट म्हणेन: सोबत दुसरी कुणी असती तर रिओत तिने आठ मिनिटांचा आकडा धरला असता. तो तिच्या आवाक्यात होता असं मला आजही वाटतं. तो झाला नाही, कारण तिला हवी असलेली पॅलिस्टर तेव्हा १४ वर्षांची होती.